दडवलेले पान

भाऊबीजेची दुपार. जेवणे आटोपलेली, फराळाचे डबे पुन्हा एकदा उघडून झालेले, बाहेरच्या सोप्यावर जाजम अंथरलेले आणि मधोमध पत्त्यांचा जोड. पाहुणे चहूकडचे. कुणी खानापूरहून आलेले, कुणी निपाणीहून, एक जावई सांगलीचे, तर मेहुणे थेट बडोद्याहून. मेंढीकोट खेळायचा यावर सगळ्यांचे एकमत असते. भांडण पुढे सुरू होते. कुणाचा मेंढीकोट?

तसा खेळ साधा. चार माणसे, समोरासमोरचे दोघे भिडू. बावन्न पाने, प्रत्येकाला तेरा. आलेल्या रंगाचे पान हातात असेल तर तेच टाकायचे, नसेल तर हुकमाने कापायचे किंवा दुसरे काही टाकून मोकळे व्हायचे. प्रत्येक रंगाची दश्शी ती मेंढी. तीन मेंढ्या ज्यांनी धरल्या ते जिंकले, चारही धरल्या तर समोरच्यावर कोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त त्यांची सरशी. एवढे सगळ्यांना ठाऊक असते आणि एवढ्यावर कुणाचे दुमतही नसते.

पण हुकूम कसा ठरवायचा, इथे घराघराचे पंथ सुरू होतात. सांगलीचे जावई म्हणतात, कटहुकूम. म्हणजे आधी हुकूमच नाही. ज्याच्याकडे आलेला रंग नसेल तो जे पान टाकेल, त्याचा रंग हुकूम. आमच्या घरी बंदहुकूम. एकाने आपल्यातले एक पान पालथे जाजमावर ठेवायचे. कुणाचा तरी रंग संपला की त्याने हुकूम उघडायला सांगायचे. तोवर हुकूम एकाच माणसाला ठाऊक. त्यातही पोटभेद आहेत. कुठे हुकूम लावणारा स्वतः पान निवडतो, कुठे शेजारी त्याच्या हातातून न पाहता ओढतो. हुकूम उघडायला लावणाऱ्याने कापलेच पाहिजे असे काहींचे म्हणणे, काहींच्या मते ती त्याची मर्जी. कुठे वाटप उजवीकडून, कुठे डावीकडून. अर्धा तास असा जातो. दरम्यान चहा येतो, आणि मग चहा घेताघेता आमच्या काकू निकाल देतात, “ज्याच्या घरी जाजम, त्याचा मेंढीकोट.”

चार माणसे जमली नाहीत तर तीन-दोन-पाच. तीस पाने, तिघांना दहा-दहा. हुकूम बोलेल त्याने पाच हात करायचे, एकाने तीन, वाटणाऱ्याने दोन. ज्याचे कमी पडतील त्याच्या हातातून पुढच्या डावात जास्तवाल्याने पान ओढायचे. म्हणजे मागच्या डावाचे देणे पुढच्या डावात फेडावे लागते. हा खेळ शिकलेल्या मुलाला उधारी म्हणजे काय ते निराळे शिकवावे लागत नाही. बडोद्याचे मेहुणे येताना ‘कचुफूल’ घेऊन येतात. काळी, चौकट, फुल्ली, लाल या क्रमाने हुकूम बदलत जातो, म्हणून हे नाव. आपल्याकडे त्यालाच जजमेंट म्हणतात. आपण किती हात करणार ते प्रत्येकाने आधी सांगायचे आणि नेमके तेवढेच करायचे, एक कमी नाही की एक जास्त नाही. शेवटी बोलणाऱ्यावर बंधन असे, की सगळ्यांचे आकडे मिळून एकूण हातांइतकी बेरीज होता कामा नये. म्हणजे कुणाचा तरी शब्द खोटा पडणार हे पहिले पान पडण्याआधीच ठरलेले असते. हे ऐकून आमच्या शाळेतले संस्कृतचे गुरुजी एकदा म्हणाले होते, “हा खेळ नव्हे, हा संसार आहे.”

पत्ते आपल्याकडे नवे नाहीत. बाबराने 1527 साली सिंधमध्ये शाह हसन याच्याकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या पानांचे वर्णन ‘ऐन-ए-अकबरी’त येते. आमच्या बेळगावहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथले चितारी आजही दशावतारी गंजिफा रंगवतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, अशी एकशे वीस गोल पाने. त्या खेळात दिवसा डाव असेल तर रामाच्या राजाने सुरुवात करायची, रात्र असेल तर कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दश्शीला मान, उरलेल्या निम्म्यांत एक्क्याला. देवांची पाने, पण नियम वेळ पाहून आणि रंग पाहून बदलतो! भाषेकडे पाहिले तरी गंमत दिसते. आपण पत्त्याला ‘पान’ म्हणतो, कन्नडात ‘एले’ म्हणतात. दोन्ही झाडाचीच पाने. आपला ‘इस्पिक’ हा चार रंगांपैकी एक, तर कन्नडात अख्ख्या खेळालाच ‘इस्पीट’. आणि ‘हुकूम’ हा शब्द दोन्हीकडे एकच, अर्थही एकच. आज्ञा.

आता मुद्द्यावर येतो. घरोघरी नियम निराळे असतील तर त्यातला खरा कोणता? आणि खरा असा कोणताच नसेल, सगळे नुसते आपसात ठरवण्यावर असेल, तर नियम मोडणे हे पाप कशावरून? जे ठरवून आले, ते न ठरवताही जाऊ शकते, असे कुणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? हे प्रश्न मला पुस्तकातून पडले नाहीत. एका मुलामुळे पडले. त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. त्याबद्दल लिहायचे मी आजवर टाळले.

1998 सालची गोष्ट. मी तेव्हा साधा सहशिक्षक होतो. नववीची सहल बदामी, पट्टदकल, ऐहोळे पाहायला निघाली होती. रात्रीचा मुक्काम बदामीच्या एका धर्मशाळेत. जेवणे झाली आणि वीज गेली. कंदिलाच्या उजेडात मुलांनी बॅगेच्या तळातून पत्ते काढले आणि माझ्याकडे पाहिले. पैसे न लावता खेळायचे असेल तर माझी हरकत नाही, असे मी म्हणालो, आणि थोड्या वेळाने स्वतःच जाजमावर बसलो. मुले खूश. माझा भिडू वर्गातला पहिल्या नंबराचा मुलगा. समोरच्या जोडीत तालुक्याच्या पार टोकाच्या खेड्यातून येणारा एक मुलगा होता. अबोल, गणितात चांगला, मराठी बोलताना मधेच कन्नड वळण घेणारा. भोवती चाळीस मुलांचे कोंडाळे.

त्या डावात हुकूम त्याचा होता. ओढून लावायचा असे ठरले होते. शेजाऱ्याने त्याच्या हातातले एक पान ओढून पालथे ठेवले. हुकूम काय आहे ते अर्थात त्याला कळले, आपल्या हातातून काय गेले ते ज्याचे त्याला कळतेच. माझ्या भिडूने बदामाचा एक्का टाकला. मुलाने बदामाची तिर्री दिली. पुढच्या हाताला भिडूने बदामाचा राजा टाकला. मुलाने या खेपेला चौकटची पंजी टाकली. खेळ पुढे गेला. थोड्या वेळाने माझी किलवर संपली आणि मी हुकूम उघडायला सांगितला. पान उलटले. बदामाची छक्की.

“थांब,” मी म्हणालो. “मघाशी बदाम आला तेव्हा तू चौकट टाकलीस. तुझ्याकडे बदाम होता.”

तो गोंधळला. “सर, ते पान खाली होतं की. हातात कुठं होतं?”

आमच्या घरचा नियम असा, की पालथे ठेवलेले पान हे हातातलेच पान. तो रंग आला आणि दुसरे पान नसेल तर ते उचलून टाकायचे, हुकूम उघडा पडला तरी चालेल. माझ्या दृष्टीने त्याने रंग असताना रंग दिला नव्हता. मेंढीकोटात याहून मोठा गुन्हा नाही. आणि त्याचे उत्तर मला साळसूदपणाचे वाटले. पकडले गेल्यावर शब्दाचा कीस काढणारी मुले शिक्षकाला रोज भेटतात. मी पाने खाली ठेवली आणि चाळीस मुलांसमोर त्याला उभे केले. प्रामाणिकपणावर दहा मिनिटे बोललो. मला आठवते, मी चांगला बोललो. शेवटी त्याला म्हणालो, “खेळात जो चोरी करतो तो उद्या कशातही करील.” तो खाली मान घालून उभा होता. पुन्हा एक अक्षर बोलला नाही.

परतीच्या बसमध्ये मुलांनी त्याला नाव ठेवले, बदामचोर. गाव बदामी, पान बदामाचे, आणि गुलामचोर हा खेळ सगळ्यांना ठाऊक. एवढे जुळून आलेले नाव मुले कशी सोडतील? मी ते ऐकले आणि ऐकले नाही असे केले. वर्गात हळूहळू त्याचा हात वर येईनासा झाला. पुढच्या जूनमध्ये त्याने दुसऱ्या शाळेत नाव घातले. दाखल्यावर कारण लिहिले होते, ‘घराजवळ सोय’. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणे सोयीचे होते.

अकरा वर्षांनी, 2009 साली, पत्नीच्या एका नात्यातल्या लग्नाला त्याच भागात जाणे झाले. वऱ्हाड उतरले होते त्या घराच्या कट्ट्यावर म्हातारी मंडळी पत्ते खेळत बसली होती. मराठी, कन्नड दोन्ही घरांतली. मी बघत उभा राहिलो. बंदहुकूम होता. हुकूम लावलेल्या आजोबांनी आलेल्या रंगाऐवजी भलतेच पान टाकले आणि दोन हातांनी हुकूम उघडला, तो त्याच रंगाचा! कुणीही हूं की चूं केले नाही. मला राहवले नाही. मी विचारले, यांच्याकडे तो रंग होता ना? तोंडात पान धरलेल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले आणि लहान मुलाला सांगावे तसे सांगितले, “अदु कैयाग इल्ल्री. नेलद म्याल ऐत्री.”

ते हातात नाही हो. जमिनीवर आहे.

त्या मुलाने मला मराठीत जे सांगितले होते तेच वाक्य. त्याच्या गावाची ती रीत होती. कदाचित शेकडो घरांची असेल. पालथे पान म्हणजे ठेव. उघडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नीट विचार केला तर आमच्या नियमापेक्षा यात काही कमी तर्क आहे असे नाही. ठेवीला हात लावू नये, हे आपणच मुलांना शिकवतो. त्या रात्री मला मांडवात जेवण गेले नाही.

इतके दिवस मी स्वतःला एक प्रश्न विचारला नव्हता, तो त्या रात्री विचारला. मला त्या मुलाची चोरी एवढ्या चटकन का दिसली? दुसरा अर्थ क्षणभरही मनात का आला नाही? आपल्यात म्हण आहे, चोराच्या मनात चांदणे. मी पंधरा वर्षांचा असताना, 1985 च्या गणपतीत, जागरणाच्या रात्री आम्ही मेंढीकोट खेळत होतो. समोरच्या जोडीत आजोबा. तीन मेंढ्या आमच्या झाल्या होत्या, चौथी किलवरची दश्शी आजोबांच्या भिडूने टाकली. माझ्या हातात किलवरची दुर्री होती. मी हुकमाने कापले. आरडाओरडा झाला, कोट झाला. दुर्री मी शेवटच्या हाताला इतर पानांच्या ढिगात अशी सरकवली की कुणाच्या ध्यानात येऊ नये. आजोबांनी पाने गोळा केली. गोळा करताना ती दुर्री त्यांच्या बोटांत क्षणभर थांबली असे मला वाटले. त्यांनी ती जोडात घातली आणि पाने पिसायला घेतली. ते 1991 साली गेले. त्यांना कळले होते की नाही, मी कधी विचारले नाही.

आता या दोन प्रसंगांची तुलना करा. त्या मुलाने नियम मोडल्यासारखा दिसला, पण मोडला नव्हता. तो ज्या नियमाने खेळत होता तो त्याने तंतोतंत पाळला. मी नियम पाळल्यासारखा दिसलो. तो चाळीस जणांसमोर चोर ठरला आणि माझ्या नावावर कोट लागला. खेळाचे नियम बाहेरून दिसणाऱ्या गोष्टीवर चालतात, पण रंग असताना रंग देणे हा नियम मुळात दिसत नाही. तुमच्या हातात काय आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक. तिथे पोलीस नाही, पंच नाही. चार माणसे एकमेकांच्या हातांवर विश्वास टाकून बसलेली असतात. हा विश्वास काढून घेतला तर मेंढीकोट खेळताच येणार नाही, पाने उघडी मांडून बसावे लागेल.

ब्रिजच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत याविषयी एक विचार करायला लावणारा भेद केला आहे. आपल्याकडून नजरचुकीने नियम मोडला गेला तर तो स्वतःहून सांगितलाच पाहिजे, असे बंधन सर्वसाधारणपणे खेळाडूवर नाही. पण झालेली चूक लपवण्यासाठी दुसरी चूक करायला सक्त मनाई आहे. आणि दंड भरायची तयारी आहे म्हणून जाणूनबुजून नियम मोडण्याचीही मुभा नाही. कायदा इथपर्यंतच जातो. सदसद्विवेकाला पुढे जावे लागते, हे खरे. तरी लपवणे हा मोडण्याहून वेगळा आणि मोठा गुन्हा आहे, एवढे कायद्यालाही मान्य आहे. हुकमाने कापले ती माझी हाव होती. दुर्री ढिगात सरकवली तिथे मी खोटा झालो.

बी. एड. च्या वर्गात आम्हाला पियाजे शिकवला होता. परीक्षेपुरता. या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1932 साली मुलांच्या नैतिक विचारांवर पुस्तक लिहिले. त्यासाठी तो न्यूशातेल आणि जिनिव्हा इथल्या मुलांबरोबर गोट्या खेळायला बसला आणि त्यांना नियमांबद्दल विचारत राहिला. त्याला आढळले ते असे. लहान मुलांना नियम अपौरुषेय वाटतात. ते वाडवडिलांनी किंवा देवाने करून ठेवले, बदलता यायचे नाहीत. गंमत म्हणजे हीच लहान मुले प्रत्यक्ष खेळताना नियम हवे तसे वाकवतात. दहा-अकरा वर्षांनंतर मुलाला कळू लागते की नियम आपण मिळून ठरवतो आणि सगळ्यांची संमती असेल तर बदलूही शकतो. आणि हे कळल्यावर मूल नियम जास्त काटेकोर पाळू लागते. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे. नियम आपसात ठरवलेला असतो, म्हणून तो कच्चा नसतो. उलट तो मी दिलेला शब्द असतो. अपौरुषेय नियम मोडला तर देवाशी काय ते पाहून घेईन म्हणता येते. ठरवलेला नियम मोडला की समोर बसलेल्या माणसाचा विश्वास मोडतो. अठ्ठावीस वर्षांचा मी त्या रात्री बदामीला पियाजेच्या लहान मुलासारखा वागलो. माझ्या घरचा मेंढीकोट मला सृष्टीचा नियम वाटला.

आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. धर्मशास्त्राने देशाचार आणि कुलाचार मानले. याज्ञवल्क्यस्मृती एकच, पण तिच्यावर विज्ञानेश्वराने कल्याणीला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, मिताक्षरा लिहिली. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग चालला. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासून, असे मिताक्षरा म्हणते. बाप गेल्यावर, असे दायभाग म्हणतो. पाहू गेले तर हा आमचाच वाद आहे. पालथे पान हातातले की जमिनीवरचे? शेकडो वर्षे दोन प्रांतांत दोन रीती चालल्या आणि म्हणून बंगाली माणसाने मराठी माणसाला चोर म्हटले नाही.

इथे कुणी सुज्ञ वाचक विचारील, मुख्याध्यापक महाशय, मग तर पकडला गेलेला प्रत्येक जण म्हणेल, ‘आमच्याकडे असेच चालते’. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो रोज ऐकतो. उशिरा येणारा मुलगाही हेच म्हणतो. म्हणून रीत आणि लबाडी यांतला फरक ओळखायला मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. पहिला, त्याने ते उघडपणे केले की लपवून? त्या मुलाने चौकटची पंजी सर्वांसमोर टाकली आणि पालथे पान तर त्याच्याच हाताशी होते, उघडले की सगळे दिसणारच होते. दुसरा, हीच सूट तो समोरच्याला देईल का? हुकूम माझा असता आणि मी तसेच केले असते तर तो गप्प बसला असता, याविषयी मला आज शंका नाही. तिसरा, ही रीत आधीपासून होती की फायदा दिसल्यावर आठवली? याचे उत्तर मिळवायला त्याच्या गावातल्या कुणालाही एक प्रश्न विचारणे पुरेसे होते. मी तो विचारला नाही.

पण एवढ्याने भागत नाही. काही रीती उघड असतात, जुन्या असतात, आणि तरीही वाईट असतात. लग्नाच्या बैठकीत ‘आमच्याकडे अशीच पद्धत आहे’ असे म्हणून मागितला जाणारा हुंडा पाहा. 1961 पासून तो कायद्याने गुन्हा आहे, तरी पद्धत या नावाखाली तो अजून तोंड वर काढतो. मेंढीकोटाची रीत आणि ही रीत यांत फरक कोणता? माझ्या मते हा, की मेंढीकोटाचा नियम जे चौघे खेळणार त्या चौघांनी मान्य केलेला असतो आणि पुढच्या डावात तो कुणावरही उलटू शकतो. हुंड्याची रीत ठरली तेव्हा जिच्यासाठी द्यावा लागतो तिला जाजमावर बसवलेच नव्हते, आणि ती रीत कायम एकाच बाजूला उलटते. मिताक्षरेचा नियमही शेकडो वर्षे असाच होता. मुलीला जन्मतः हक्क नव्हता. 2005 साली कायदा बदलला आणि तिचे पान तिच्या हातात आले. तेव्हा रीतीचा मान ठेवावा, पण ती ठरवताना कोण कोण बसले होते हेही विचारावे.

आणि एक गोष्ट, जी माझ्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्यांनी विसरू नये. नियम आधी सांगण्याची जबाबदारी मोठ्याची असते. त्या रात्री जाजमावर मी शिक्षक होतो. ‘तुमच्याकडे पालथे पान कसे धरतात रे?’ एवढे एक वाक्य डाव वाटण्याआधी मी बोलायला हवे होते. त्या मुलाने बोलायला हवे होते असे म्हणणे सोपे आहे, पण शिक्षकाला आपल्या घरचा नियम सांगण्याची हिंमत चौदा वर्षांच्या मुलाकडून कशी धरावी? दुभाषी जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला हे रोज लागू पडते. नवी सून घरात येते, दुसऱ्या गावचे मूल वर्गात येते, शेजारी नवे बिऱ्हाड येते. प्रत्येकाच्या हातात आपल्या घरचा मेंढीकोट असतो. आपण त्यांना नियम सांगत नाही, विचारतही नाही, आणि चुकले की म्हणतो, एवढेही कळत नाही? कचेरीच्या खिडकीपाशी आपल्याला न येणाऱ्या भाषेतला कागद पुढे सरकवला जातो तेव्हा आपल्याला जो संताप येतो, तोच संताप आपणही कुणाला तरी देत असतो.

तो मुलगा मला पुन्हा भेटला. 2012 साली, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या दारात. आता तो पर्यवेक्षक होता, अंगाने भरलेला. त्याने ओळखून नमस्कार केला. मी रस्त्यातच त्याला ते लग्न, तो कट्टा, ते वाक्य सारे सांगितले आणि म्हणालो, “त्या दिवशी चूक माझी होती. मला माफ कर.” तो हसला. “जाऊ द्या सर, पोरवय होतं.” मग थोडे थांबून म्हणाला, “घरात मात्र पत्ते ठेवत नाही मी. पोरं मागतात. पण नाही ठेवत.” एवढे बोलून त्याने चहाला चला म्हटले. आम्ही चहा घेतला. त्याच्या मुलांचे शिक्षण, कामाचे तास, यावर बोललो. त्या विषयावर पुन्हा बोलणे झाले नाही. माफी मागितल्याने मला हलके वाटेल अशी माझी कल्पना होती. ती माझ्याच सोयीची कल्पना होती, हे घरी परतताना ध्यानात आले.

आता आमच्या घरी भाऊबीजेला एक प्रथा पडली आहे. अर्ध्या तासाचे ते भांडण मी पूर्वी मोडायला बघत असे, आता मोडत नाही. उलट सगळ्यांत लहान खेळाडूने नियम विचारत जायचे आणि मोठ्यांनी उत्तरे द्यायची, असे ठरले आहे. गेल्या वर्षी भाचीची नऊ वर्षांची मुलगी पहिल्यांदा जाजमावर बसली. वाटप उजवीकडून की डावीकडून, हुकूम ओढून की निवडून, कापणे सक्तीचे की मर्जीचे, असे एकेक विचारत ती शेवटी माझ्याकडे वळली. “आजोबा, खालचं पान हातातलं धरायचं की जमिनीवरचं?”

“आधी सगळ्यांना विचार,” मी म्हणालो.

तिने विचारले. तिघांनी हातातले म्हटले, खानापूरच्या पाहुण्यांनी जमिनीवरचे. मग पहिला डाव पाहुण्यांच्या नियमाने झाला. तो आम्ही हरलो.